मुक्या जिवाचा उपवास नसतो

ज्या घरात उपवासाला मान असतो, त्या घरात अन्न न घेणाऱ्या माणसाकडे काळजीने पाहिले जात नाही, आदराने पाहिले जाते. भाद्रपदात पर्वाचे दिवस सुरू झाले की ताटावर न बसलेल्याला कोणी आग्रह करीत नाही. त्याने नियम घेतला असेल, असे समजून घरातील माणसे मुकाट्याने आपले ताट उचलतात. ही आपल्या घरांची रीत सुंदर आहे. मात्र हीच सवय एकदा एका मुक्या प्राण्याच्या जिवावर बेतली. त्या प्रसंगातून जे शिकायला मिळाले, ते घरात ससा, गिनीपिग किंवा तत्सम लहान प्राणी पाळणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावे असे आहे.

सांगली-तासगाव भागात बेदाण्याच्या व्यापारात आयुष्य घालवलेले एक गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मुलाकडे काही महिने राहण्यास गेले होते. मुलगा व सून दोघेही नोकरी करणारे. नात महाविद्यालयात शिकणारी. तिच्या खोलीत एका उंच पिंजऱ्यात राखाडी, मखमली अंगाचा एक प्राणी राही. कान उंदरासारखे पण मोठे, शेपूट खारीसारखे झुपकेदार आणि डोळे काळ्या मण्यांसारखे. त्या प्राण्याला चिंचिला म्हणतात. रंगावरून नातीने तिचे नाव ‘राखी’ ठेवले होते.

आजोबांना प्रारंभी हा प्रकार रुचला नव्हता. पण परदेशातील लांब दुपारी बोलायला कोणी नसे. राखी पिंजऱ्याच्या गजाशी येऊन पुढचे दोन पाय टेकून उभी राही आणि त्यांच्या बोटाचा वास घेई. एके दिवशी त्यांनी खिशातील एक बेदाणा तिच्यापुढे धरला. तिने तो दोन्ही हातांत धरून, माणसासारखा बसून खाल्ला. ज्याने चाळीस वर्षे बेदाण्याची प्रतवारी केली, त्याला यापेक्षा मोठी पावती कोणती? दुसऱ्या दिवशी दोन दिले, मग पाच. आठवडा संपेपर्यंत रोज दुपारी लहानशी मूठ ठरून गेली. त्याच आठवड्यात नात अभ्यासाच्या कामासाठी परगावी गेली होती. जाताना तिने आजीला गवत कसे भरायचे, पाण्याची बाटली कशी लावायची, हे दाखवले होते. खोलीतील गारवा मात्र सोसवत नाही म्हणून आजी-आजोबा दुपारी वातानुकूलन यंत्र बंद करीत. ऑगस्टअखेरचा तो उष्मा आपल्याकडच्या मानाने काहीच नव्हता, असे त्यांना वाटे.

पर्वाच्या पहिल्या दिवशी आजींचा उपवास होता. संध्याकाळी त्या गवत बदलायला गेल्या, तेव्हा सकाळचे गवत जसेच्या तसे होते. राखी कोपऱ्यात पाठीची कमान करून बसली होती.

“अहो, आज हिनेसुद्धा उपवास धरलेला दिसतो,” त्या कौतुकाने म्हणाल्या.

“संगतीचा परिणाम,” आजोबा हसून म्हणाले.

दोघांनाही त्यात काही वावगे वाटले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही गवत तसेच होते. ‘पोटाला विश्रांती मिळते आहे, भूक लागली की खाईल’ असे ठरले. आजोबांनी पुढे केलेला बेदाणासुद्धा तिने घेतला नाही, तेव्हा मात्र त्यांच्या मनात पहिली शंका आली.

अँडीज पर्वतातील पाहुणा

चिंचिला हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतरांगांत राहणारा, कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या वर्गातील जीव. तेथील उंच, कोरड्या, थंड, खडकाळ उतारांवर कळपाने राहावे, दिवसा कपारीत दडावे आणि संध्याकाळपासून पहाटेपर्यंत रखरखीत झुडपे, गवत व साली खाव्यात, असा त्याचा जीवनक्रम. थंडीपासून रक्षणासाठी निसर्गाने त्याला इतकी दाट लव दिली आहे, की त्वचेच्या एकेका रंध्रातून सुमारे साठ केस निघतात. या लवेनेच त्याचा घात केला. एका अंगरख्यासाठी शंभराहून अधिक प्राण्यांची कातडी लागत असे. युरोप-अमेरिकेच्या हौसेपायी हे प्राणी इतके मारले गेले, की १९१० मध्ये चिली, बोलिव्हिया, पेरू व अर्जेंटिना या देशांना शिकारबंदीचा करार करावा लागला. तरीही रानातील संख्या सावरली नाही. चिलीमध्ये इयापेल गावाजवळ १९८३ मध्ये या प्राण्यासाठी राखीव क्षेत्र स्थापन झाले. आजही रानटी चिंचिला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत आहे.

घरात पाळल्या जाणाऱ्या चिंचिलांचा इतिहास याच व्यापाराशी जोडलेला आहे. मॅथायस चॅपमन या चिलीतील तांब्याच्या खाणीवर काम करणाऱ्या अमेरिकन अभियंत्याने १९२३ मध्ये अकरा चिंचिला जहाजाने कॅलिफोर्नियात नेले. हेतू कातड्यासाठी पैदास करण्याचा होता. आज अमेरिकेतील घरांत लाडाने वाढणारे बहुतेक चिंचिला त्या अकरा जिवांचे वंशज मानले जातात. कातड्यासाठी आणलेल्या कुळातील एक जीव आज एखाद्या मुलीच्या खोलीत निर्भयपणे झोपतो, एवढेच त्या हिशेबातील समाधान.

पूर्ण वाढलेल्या चिंचिलाचे वजन साधारण ४०० ते ६०० ग्रॅम असते. काही माद्या त्याहून जड असतात. नीट सांभाळ झाला तर तो दहा ते पंधरा वर्षे, क्वचित वीस वर्षेही जगतो. म्हणजे त्याला घरी आणणे ही चार दिवसांची हौस होत नाही. ती दीर्घ मुदतीची जबाबदारी असते.

भूक थांबली की यंत्रच थांबते

माणूस एक-दोन दिवस अन्नाशिवाय राहू शकतो. त्याचे पोट रिकामे राहण्यास समर्थ आहे आणि मनाचा निश्चय त्यामागे उभा असतो. चिंचिला, ससा, गिनीपिग यांच्या शरीराची घडण निराळी आहे. या प्राण्यांचे अन्न म्हणजे काडीसारखे, तंतुमय, कस कमी असलेले गवत. ते पचवण्यासाठी त्यांच्या मोठ्या आतड्याच्या आरंभी एक मोठी पिशवी असते. तिच्यात असंख्य उपकारक सूक्ष्मजीव गवत आंबवून त्यातील सत्त्व मोकळे करतात. त्यातून तयार झालेल्या विशिष्ट मऊ लेंड्या हा प्राणी पुन्हा खातो आणि उरलेले पोषण मिळवतो. ही त्याची निसर्गदत्त रीतच आहे, तिची किळस मानू नये.

हे सारे चालू राहण्यासाठी मागून सतत नवे गवत येत राहावे लागते. पुढून आवक थांबली, की आतड्याची हालचाल मंदावते. आतील अन्न कोरडे पडून घट्ट होते, चांगले सूक्ष्मजीव मागे पडून घातक जंतू वाढतात, वायू धरतो, पोट दुखू लागते. पोट दुखते म्हणून प्राणी खात नाही आणि खात नाही म्हणून पोट अधिक दुखते. व्यापारी वाचकांना चक्रवाढ व्याजाचा अर्थ सांगावा लागत नाही. येथे मुदत वर्षांची नसते, तासांची असते. शरीराला बाहेरून अन्न मिळेनासे झाले, की साठवलेली चरबी यकृताकडे धाव घेते आणि यकृतही निकामी होऊ लागते. शिवाय या प्राण्याला उलटी करता येत नाही. आत अडकलेले बाहेर टाकण्याचा तो मार्गही त्याला बंद आहे.

आपल्याकडे गाय रवंथ करायची थांबली, की शेतकरी हातातील काम टाकून तिच्याकडे धावतो. ‘आज तिचा उपवास असेल’ असे तो म्हणत नाही. चिंचिलाने गवत सोडणे म्हणजे गाईने रवंथ सोडण्यासारखेच आहे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

दुसरे कारण दातांचे. चिंचिलाला वीस दात असतात आणि ते सर्व जन्मभर वाढत राहतात. पुढचे पटाशीचे दात वर्षाला पाच सेंटिमीटरांहून अधिक वाढतात, असे पशुवैद्य सांगतात. गवत चावताना ते झिजतात, म्हणून प्रमाणात राहतात. गवताऐवजी मऊ खाद्य, दाणे, सुकामेवा यांवर पोट भरले तर झीज थांबते. मग दाढांना टोके येतात, ती गालात वा जिभेत रुततात आणि प्राणी भुकेला असूनही खाऊ शकत नाही. मुळे आत वाढून डोळ्याखालच्या हाडापर्यंत पोहोचली, तर तो बिघाड पूर्ववत होत नाही.

रात्रीची धावपळ

नात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतली. खोलीत शिरताच तिने गवताकडे पाहिले, मग पिंजऱ्याच्या तळाशी. एरवी तेथे तांदळाच्या लांबट दाण्यांसारख्या, भरीव लेंड्यांचा सडा असे. त्या दिवशी मोजून सात-आठ होत्या, त्याही बारीक आणि वाळलेल्या. तिने राखीला दोन्ही हातांत उचलून स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर ठेवलेल्या डब्यात बसवले. दर रविवारी ती वजन करून वहीत लिहीत असे. मागच्या रविवारी ६१० ग्रॅम होते, त्या दिवशी ५६८.

“आजी, ही कधीपासून खात नाही?”

“काल सकाळपासून असेल. अगं, त्यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे? एक दिवस तर झाला.”

“हिच्यासाठी एक दिवस फार असतो, आजी.”

तिने प्रथम पाण्याच्या बाटलीच्या नळीतील गोळी बोटाने हलवून पाहिली. ती अडकली तर बाटली भरलेली दिसते, पण थेंबही येत नाही आणि पाण्याविना प्राणी कोरडे गवत खाणे सोडतो. गोळी ठीक होती. मग हनुवटी पाहिली. ती कोरडी होती, लाळ गळत नव्हती. पोटाला हलकेच हात लावला, तर ते ताणलेले लागले आणि राखीने दात करकर वाजवले. त्याबरोबर तिने दूरध्वनी उचलला. अशा लहान प्राण्यांचे उपचार करणारे, रात्रीही उघडे असणारे रुग्णालय कोठे आहे, हे तिने राखीला घरी आणले त्याच दिवशी शोधून फ्रिजवर लिहून ठेवले होते.

रुग्णालयात डॉक्टरीण बाईंनी तपासण्यापूर्वी दोन प्रश्न विचारले. शेवटच्या चांगल्या लेंड्या कधी दिसल्या? आणि गेल्या काही दिवसांत नवीन काय खायला दिले? नात उत्तर शोधू लागली. पण मागे उभे असलेले आजोबा पुढे झाले.

“बेदाणे. मीच दिले. रोज मूठभर,” ते म्हणाले. “आणि दुपारी गार हवेचं यंत्रही आम्ही बंद करत होतो. तिला सांगा.”

नातीने त्यांचे म्हणणे इंग्रजीत सांगितले. ज्याने आयुष्यभर वहीत खोटी नोंद केली नाही, त्याने येथेही आपल्या नावे असलेली रक्कम लपवली नाही. त्या प्रामाणिक उत्तराने निदानाचा बराच वेळ वाचला. क्ष-किरण छायाचित्रात आतड्यांत वायू धरलेला दिसला, पण कोठे अडथळा नव्हता. दुर्बिणीने दाढा तपासल्या, त्या व्यवस्थित होत्या. गोड पदार्थाने पोटातील जंतूंचे संतुलन बिघडले आणि उष्म्याने त्यात भर घातली, असा डॉक्टरांचा निष्कर्ष होता. अँडीजच्या गारठ्यासाठी घडलेल्या या जिवाला साधारण १५ ते २१ अंश सेल्सियस तापमान मानवते. २७ अंशांपलीकडे, त्यातही दमट हवेत, उष्माघाताचा धोका असतो. कान लालभडक होणे आणि आडवे पडून राहणे ही त्याची खूण.

त्वचेखाली सलाईन, वेदनाशामक आणि आतड्याची गती वाढवणारे औषध देऊन राखीला रात्रभर तेथे ठेवण्यात आले. खर्चाचा आकडा ऐकून आजोबांनी मनातल्या मनात त्याचे रुपये केले. मुलाने कार्ड पुढे केले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “हा माझ्या नावे मांड.”

कोणत्या खुणा ओळखाव्यात

चिंचिला हा इतर प्राण्यांचे भक्ष्य ठरणारा जीव आहे. रानात अशक्त दिसणारा प्रथम मारला जातो, म्हणून तो दुखणे शेवटपर्यंत लपवतो. त्याच्या दिसण्यावर न जाता नोंदींवर भिस्त ठेवावी लागते. पुढील खुणांपैकी एकही दिसली तर सावध व्हावे.

पहिली खूण लेंड्यांची. संख्या घटणे, आकार लहान होणे, त्या कोरड्या वा वेड्यावाकड्या होणे किंवा अजिबात न दिसणे. पोटात काय चालले आहे याचा इतका स्वच्छ ताळेबंद दुसरा नाही.

दुसरी खूण खाण्याच्या पद्धतीतील बदल. घास उचलून टाकणे, गवत सोडून फक्त मऊ खाणे, खाताना डोके एका बाजूला झुकवणे. यात भूक असते, पण तोंड दुखत असते. हनुवटी, छाती किंवा पुढचे पाय लाळेने ओले असणे आणि डोळ्यांतून पाणी येणे हीदेखील दाताच्या विकाराची लक्षणे. चिंचिलाचे पुढचे दात पिवळसर-नारिंगी असणे हे आरोग्याचे चिन्ह आहे. ते पांढरे दिसू लागले तर डॉक्टरांना दाखवावे.

तिसरी खूण बसण्याची. पाठ वाकवून कोपऱ्यात बसणे, दात करकरणे, पोट जमिनीला टेकून ताणून पडणे, वारंवार कूस बदलणे, रात्री एरवी उड्या मारण्याच्या वेळी निपचित राहणे. पोट नगाऱ्यासारखे ताठ लागले तर ती पोटफुगी समजावी आणि क्षणाचाही विलंब करू नये.

चौथी खूण वजनाची. घनदाट लवेखाली रोडावलेले अंग दिसत नाही. आठवड्यातून एकदा, ठरल्या वेळी, ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करून लिहावे. दहा टक्के घट म्हणजे गंभीर इशारा.

काय करावे, काय टाळावे

प्राण्याने बारा तास काहीही खाल्ले नाही, तर त्याच दिवशी पशुवैद्याशी संपर्क साधावा. ‘उद्यापर्यंत वाट पाहू’ हा निर्णय बहुतेक वेळा महागात पडतो. लेंड्या बंद, पोट ताठ, श्वास जोराचा किंवा प्राणी आडवा पडलेला असेल, तर बारा तासही थांबू नये. डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत गोड व नवे पदार्थ काढून टाकावेत, ताजे सुवासिक गवत आणि पाणी समोर ठेवावे, पाण्याची नळी तपासावी, खोली शांत व गार ठेवावी. शेवटच्या लेंड्या, वजन आणि दिलेले खाद्य यांची टिपणे बरोबर न्यावीत.

अन्न भरवण्याची घाई मात्र घातक ठरू शकते. पोटात वायू धरला असेल किंवा मार्गात काही अडकले असेल, तर वरून कोंबलेले अन्न जीव घेते. डॉक्टरांनी सांगितल्यानंतरच, गवतापासून बनवलेले आजारी प्राण्यांचे खाद्य पाण्यात कालवून, सुई काढलेल्या सिरिंजने भरवावे. प्राण्याला उताणे धरू नये, सरळ बसवावे. सिरिंजचे टोक समोरून न घालता पटाशीच्या दातांमागील मोकळ्या जागेतून, बाजूने घालावे. थेंब-थेंब द्यावे आणि गिळले, हे पाहून पुढचा थेंब द्यावा. घाईने दिलेले अन्न श्वासनलिकेत जाते.

घरातील माणसांची औषधे कदापि देऊ नयेत. अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन यांसारखी नेहमीची प्रतिजैविके पोटात घेतल्यास अशा प्राण्यांच्या आतड्यातील उपकारक जंतू नष्ट होऊन मृत्यूही ओढवू शकतो. पोट साफ होण्याची घरगुती चूर्णेही नकोत.

रोजच्या आहाराचे प्रमाण सोपे आहे. टिमोथीसारखे सुके गवत अष्टौप्रहर, हवे तितके. चिंचिलासाठी बनवलेले गोळी खाद्य दिवसाला एक-दोन चमचे. लसूणघासात प्रथिने व चुना अधिक असल्याने तो वाढीचे वय सरल्यावर रोजचा आहार होऊ नये. बेदाणे, मनुका, दाणे, बिस्किटे, सुकामेवा टाळावा. नवे खाद्य सुरू करायचे तर जुन्यात थोडे-थोडे मिसळून, आठवडाभर घेऊन बदल करावा.

नियम आपल्यापुरता

दुसऱ्या दिवशी वायू उतरल्यावर राखी घरी आली. दर चार तासांनी, रात्रीसुद्धा, तिला सिरिंजने भरवायचे होते. या घरात सूर्यास्तानंतर ताट मांडले जात नाही. मुलगा जरा घुटमळला. तेव्हा आजीच म्हणाल्या, “आपला नियम आपल्यापुरता. हिचा दिवस रात्रीच उगवतो.” रात्री दोन वाजताची पाळी त्यांनी स्वतःकडे घेतली. नात भरवी आणि त्या राखीला पंचात धरून बसत. तिसऱ्या पहाटे राखीने सिरिंजचे तोंड बाजूला सारले आणि समोरची गवताची काडी ओढून कुरतडली. त्या लहानशा आवाजाने आजोबा शेजारच्या खोलीतून उठून आले. सकाळी पिंजऱ्यात नऊ चांगल्या लेंड्या सापडल्या. व्यापारात अनेक मोठे सौदे पाहिलेल्या त्या गृहस्थांनी त्या नऊ लेंड्या मोजून, नातीच्या वहीत स्वतःच्या मोडी वळणाच्या अक्षरात नोंदवल्या.

पुढे दोन आठवडे ती वही त्यांच्याकडेच होती. सकाळी वजन, गवत किती संपले, लेंड्या कशा, खोलीचे तापमान किती, असा चार रकान्यांचा रोजमेळ त्यांनी सुरू केला. ५६८ वरून ५७५, मग ५८३. एके दिवशी ५८० वर घसरण झाली, तर दिवसभर त्यांचे कशात लक्ष लागेना. पंधराव्या दिवशी काटा ६०४ वर आला. यंत्र बंद करण्याऐवजी आजी-आजोबा आता अंगावर शाल घेत.

आपल्या घरांसाठी

महाराष्ट्रात चिंचिला क्वचितच दिसतो आणि तो येथे आणूही नये, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात, वीज जाणाऱ्या गावात, २७ अंशही न सोसणाऱ्या जिवाला ठेवणे म्हणजे हौसेसाठी त्याला भट्टीत बसवणे होय. पण पुण्या-मुंबईपासून तालुक्याच्या गावापर्यंत मुलांच्या हट्टासाठी ससे व गिनीपिग सर्रास घरी येतात. त्यांचे दात असेच वाढतात, आतडे असेच चालते आणि भूक थांबली की संकटही असेच कोसळते. गाजर व पोळीचा तुकडा म्हणजे सशाचे अन्न, हा समज सोडून सुके गवत हे त्याचे मुख्य अन्न मानावे. गिनीपिगला याशिवाय क जीवनसत्त्व रोजच्या आहारातून मिळावेच लागते, कारण माणसाप्रमाणेच त्याचे शरीर ते तयार करू शकत नाही. प्राणी घरी आणण्यापूर्वी असे प्राणी हाताळणारे पशुवैद्य आपल्या गावात वा जवळच्या शहरात आहेत का, हे विचारून घ्यावे. मुंबईत परळ येथे १८८६ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, मोठ्या शहरांत खासगी तज्ज्ञही मिळतात. पण रात्री अकरा वाजता शोध सुरू करण्यात अर्थ नसतो.

गृहस्थाच्या अहिंसाव्रताला बाधा आणणाऱ्या दोषांत आश्रित प्राण्याचे अन्नपाणी अडवणे हा एक दोष आपल्या परंपरेने सांगितला आहे. मुद्दाम अन्न अडवणारा आपल्या घरांत सहसा कोणी नसतो. परंतु पिंजऱ्यातील जीव स्वतः अन्न शोधू शकत नाही, वैद्याकडे जाऊ शकत नाही, ‘माझे पोट दुखते’ असे सांगू शकत नाही. त्याचे न खाणे आपण ओळखले नाही, तर परिणाम अन्न अडवल्यासारखाच होतो. उपवासामागे संकल्प असतो, मुदत असते आणि पारण्याचा दिवस ठरलेला असतो. मुक्या जिवाच्या न खाण्यामागे यांपैकी काहीच नसते, तेथे फक्त वेदना असते.

आजी-आजोबा परत आले त्याला आता बरेच दिवस झाले. दर रविवारी रात्री न्यू जर्सीहून नातीचा फोन येतो. तेथे तेव्हा सकाळ असते आणि राखीचे वजन नुकतेच झालेले असते. ख्यालीखुशाली नंतर होते. आजोबा चष्मा लावून, वही उघडून बसलेले असतात आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “आज काटा किती?”